घाटावरचा समुद्र

बुलढाण्यात समुद्री माशांची टाकी ठेवायची, तर माशांची यादी मे महिना डोळ्यांसमोर ठेवून करावी लागते. दुकानातल्या निळ्या उजेडात सगळेच मासे हवेसे वाटतात. पण घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे पारा चव्वेचाळिशीला भिडतो, घाटावर आमच्याकडे चाळिशीला टेकतो, वीज भर दुपारी कधीही जाते आणि समुद्र रस्त्यानं चारशे किलोमीटरहून लांब. अशा ठिकाणी चार फुटी, तीनशे लिटरच्या टाकीत किती आणि कोणते मासे सुखानं राहतील हे आधी ठरवायचं. केशरी हवा की जांभळा, हे त्यानंतर.

कारण सगळं प्राणवायूपाशी येऊन थांबतं. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपास असतो आणि पाणी ३० अंशांवर गेलं की आणखी घसरतो. त्यात बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाण्यात शिरणारा प्राणवायूही थोडा कमीच. मुंबईतला शौकीन याच मापाच्या टाकीत दहा-बारा छोटे मासे ठेवत असेल, तर मी आठावर थांबतो. वीज गेल्यावर बॅटरीवरचा हवेचा पंप तेवढ्यांना पुरतो. त्याहून जास्त जीव केवळ वीज मंडळाच्या भरवशावर ठेवणं मला पटत नाही.

मात्र आमच्या उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. मुंबईच्या दमट हवेत टाकी थंड ठेवायला बहुतेकांना चिलर घ्यावा लागतो. आमची हवा कोरडी. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा टाकणारे दोन छोटे पंखे लावले, की बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. घरातला कूलर चालतो तोच न्याय. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. ऐन उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं. मीठ मात्र उडत नाही, ते टाकीतच राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची. खारं पाणी घातलं तर आठवड्याभरात टाकी समुद्राहून खारट होते.

या आरओचा हिशोब मनाला लागतो. शहराला पाणी येळगाव धरणातून, नळ काही दिवसांआड. एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्र तीनेक लिटर बाहेर टाकतं. ते पिंपात साठवून धुणी-भांडी आणि कुंड्यांना वापरलं तरच हा छंद या गावात करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तीनशे लिटरच्या पुढं न जाण्याचं खरं कारणही तेच. एवढ्या टाकीला सुरुवातीला साधारण दहा किलो समुद्री मीठ लागतं, लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशोबानं. पुढं दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे आणखी किलोभर.

शेजारच्या काकांनी मिठाची पोती पाहून विचारलं होतं, “काहून भाऊ, खारंच पाणी पाह्यजे तं लोणारचं आनत जा ना!” प्रश्न अगदी रास्त. आपल्या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याची वाण नाही. लोणारचं सरोवर आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. पण लोणारचं पाणी सोड्याचं. त्याचा पीएच दहाच्या घरात मोजला गेलाय. समुद्राचा असतो ८.१ ते ८.३. पीएचच्या मापात एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक. क्लाउनफिशच्या कल्ल्यांना ते पाणी भाजून काढील. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात क्षार भरपूर, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचं समुद्रातलं प्रमाण त्यात नाही. म्हणून क्षार पूर्ण काढलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात मोजून मीठ घालायचं. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की घाटावर समुद्र तयार.

प्रवाळांचं आधीच सांगतो, कारण माशांची निवड त्यावरही अवलंबून आहे. दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीत. समुद्री घोडेही तेव्हाच आले. कोणी ‘चालतं हो’ म्हणून प्रवाळाचा तुकडा पुढं केला तरी घेऊ नये. कायद्यासाठी तर नाहीच, आणि समुद्रासाठीही नाही. माझ्या टाकीत सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आहेत. त्यांच्या छिद्रांत अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर टाकीत मासा सोडायचा नसतो. प्रवाळ नसल्यानं एक मोकळीक मिळते. प्रवाळाला टोच मारण्याची खोड असलेले काही सुंदर मासे इथं निर्धास्त ठेवता येतात.

आता रंग. खडकावरचे मासे इतके भडक का, यावर कॉनराड लॉरेन्झ यांनी १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात एक विचार मांडला होता. जाहिरातीच्या फलकासारखे ठळक रंग म्हणजे आपल्याच जातीच्या दुसऱ्या माशाला दिलेली ताकीद: ही जागा माझी. दुसऱ्या जातीच्या, वेगळ्या दिसणाऱ्या माशाकडे तो मासा फारसं लक्ष देत नाही. पुढच्या संशोधकांनी या मांडणीला बरेच अपवाद दाखवले, पण टाकीपुरता तिचा उपयोग मोठा आहे. भांडण पेटतं ते सारखा आकार, सारखा रंग आणि सारखं खाणं असलेल्यांत. दोन पिवळे, चपटे मासे एकत्र ठेवले की एकाची शेपटी फाटते. एक केशरी, एक रुपेरी-काळा, एक वाळूवर बसणारा पिवळा, एक गुहेत राहणारा जांभळा असे घेतले की टाकी रंगीतही होते आणि शांतही.

म्हणून मी यादी जागेप्रमाणे करतो: वाळू कोणाची, कपार कोणाची, मधलं मोकळं पाणी कोणाचं. वाळूवर पिवळा वॉचमन गोबी. त्याच्यासोबत पिस्तूल झिंगा मिळाला तर पाहत बसावं असं काही घडतं. झिंग्याची नजर अधू. तो बीळ खणत राहतो आणि मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवतो. माशानं शेपटी हलवली की दोघंही आत. मधल्या पाण्यात बांगाई कार्डिनलची जोडी, रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा, आणि शौकिनांसाठी झालेल्या उपशामुळे तिथं धोक्यात आलेला. म्हणून टाकीत जन्मलेलाच मागावा. यातला नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही.

फायरफिश मला सगळ्यांत आवडतो. पुढून पांढरा, मागं जाता जाता लालभडक होत गेलेला, पाठीवर उभा लांब काटा. पण तो दचकतो आणि थेट टाकीबाहेर उडी मारतो. वर काच झाकावी तर बाष्पीभवन थांबतं आणि पंखे निरुपयोगी. बारीक जाळीचं झाकण दोन्ही कामं साधतं: वारा आत जातो, मासा बाहेर येत नाही.

आणि क्लाउनफिश. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला तेव्हापासून तो प्रत्येक मुलाला पाठ आहे. त्याची खरी थोरवी वेगळी. तो माणसाच्या हाताखाली सहज वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं बीजोत्पादन कधीच साधलंय. नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशननं राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीनं समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली, तिथंही क्लाउनफिशच मुख्य. असा मासा घेतला की खडकावरून एकही उचलला जात नाही. जोडी निवडताना दोन्ही लहान घ्यायचे, पण एक दुसऱ्यापेक्षा ठसठशीत मोठा. क्लाउनफिश जन्मतः नरच असतात. जोडीतला वरचढ मादी होतो आणि मग परत फिरत नाही. दोघं सारख्या आकाराचे असले तर कोण मोठं यावर मारामारी. तिसरा तर घ्यायचाच नाही.

नाही म्हणायची यादी मोठी आहे आणि तिथं मन घट्ट करावं लागतं. निमोच्या सिनेमातली डोरी, म्हणजे निळा टँग, दुकानात दोन इंचांचा दिसतो, वाढून फूटभर होतो. चार फुटांची टाकी त्याला कोंडवाडा आहे. आपल्याच हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग इतका देखणा की पाय निघत नाही, पण त्याला जागा त्याहून जास्त लागते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला पटकन धरतो. मँडरिन मासा दिवसभर सूक्ष्म जीव टिपत हिंडतो. नव्या टाकीत ते नसतात, आणि तो सगळ्यांदेखत हळूहळू उपाशी मरतो. लायनफिश छोट्या शेजाऱ्यांना गिळतो. डॅमसेल स्वस्त, निळेशार, काटक. म्हणून सुरुवातीला तेच गळ्यात मारतात. वर्षभरात एकच डॅमसेल अख्ख्या टाकीचा मालक होऊन बसतो, आणि त्याला दगडांतून पकडायला सगळी रचना उपसावी लागते.

मासे घ्यायला मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत गेलं की मी आधी काचेला हात न लावता बघतो. श्वास संथ आहे का, पोट आत गेलंय का, डोळा स्वच्छ आहे का, मासा कोपऱ्यात तोंड खुपसून आहे का. मग एवढंच म्हणायचं, “दादा, याला खाऊ घालून दाखवा.”

“खातो ना साहेब, सगळं खातो.”

“खाताना दाखवा, लगेच पैसे देतो.”

चांगला दुकानदार आनंदानं दाखवतो. या परीक्षेचं महत्त्व फार आहे. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे सायनाइडनं गुंगवून पकडले गेलेत. असा मासा दिसायला ठीक असतो, खाणं मात्र टाकतो आणि काही आठवड्यांत जातो. दुसरा प्रश्न खारेपणाचा. बरीच दुकानं परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून पाणी समुद्राहून फिकं ठेवतात. तो आकडा विचारून, शक्य तर स्वतः मोजून, लिहून घ्यायचा.

त्या आकड्याचं काम पुढं पडतं. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्मोकोलच्या पेटीत, प्राणवायू भरलेल्या पिशवीत मासा सकाळी येतो. बारा-चौदा तास. पुस्तकी सल्ला असा, की सलाइनच्या नळीनं थेंब थेंब पाणी सोडून तासभर सवय करावी. एवढ्या प्रवासानंतर तो सल्ला घातक ठरू शकतो. माशाच्या श्वासानं पिशवीतलं पाणी आम्लतेकडे झुकलेलं असतं, आणि त्यामुळं साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू देऊन तापमान जुळवायचं, मग उघडून मासा तडक स्वच्छ पाण्यात. हे पाणी आदल्या रात्रीच दुकानाच्या आकड्याइतकं खारट करून ठेवलेलं असतं. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

आणि ती टाकी म्हणजे मुख्य टाकी नव्हे. पन्नास लिटरच्या वेगळ्या टाकीत प्रत्येक मासा चारेक आठवडे राहतो. लपायला शेतीच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो. खारेपणा रोज थोडा वाढवत १.०२५ वर आणायचा. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचं चक्र या मुदतीत बहुधा उघडं पडतं. उपचार करायचे ते इथंच. तांब्याचं औषध मुख्य टाकीत गेलं की झिंगा संपला.

सोडण्याचा क्रम भित्र्यापासून सुरू होतो. पहिला फायरफिश, मग बांगाई, मग गोबी, मग क्लाउनची जोडी. लॉनमोवर ब्लेनी दगडांवर हिरवट थर धरल्यावर, कारण तो थर खरवडूनच जगतो. कोऱ्या टाकीत त्याचे हाल होतात. सर्वांत शेवटी कोरल ब्यूटी, जांभळा-केशरी छोटा एंजलफिश. दगडी प्रवाळ असते तर मी त्याला घेताना कचरलो असतो. तो आधी आला तर प्रत्येक कपारीवर हक्क सांगतो. शेवटी आला तर उरलेली जागा गुमान घेतो. त्याला सोडण्याआधी दोन-चार दगड हलवून ठेवतो, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी नव्यानं आखल्या जातात.

मागवण्याचे महिनेही ठरलेले. मार्च ते जून पेटी मागवायचीच नाही. बसच्या डिकीत पाणी तापतं. डिसेंबर-जानेवारीत घाटावर रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा पेटी पहाटे रस्त्यावर उतरवलेली चालत नाही. उरलेल्यांत मला बरे वाटतात ते दिवाळीच्या पुढचे काही आठवडे आणि फेब्रुवारी. आठापैकी सात मासे आलेत. कोरल ब्यूटीची जागा रिकामी आहे. दुकानदाराकडे एक आहे म्हणे, तीन इंचांचा. फोनवर त्याला एवढंच विचारलंय, की तो गोठवलेले झिंगे खातो का आणि त्याचं पाणी किती खारट आहे.