पडलेल्या सेन्सरची पाठ बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय. फक्त माझे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढलीय.

आजचा विषय आहे दाराखिडक्यांना लावायचे अलार्मचे सेन्सर. कुठला विकत घ्यावा, हे मी सांगणार नाहीये. तो नीट लावायचा कसा, एवढंच. कारण मी तो चुकीचा लावला होता आणि त्याचा त्रास आईला झाला.

आमचं घर चिपळूणला. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते, मी पुण्यात. मागच्या वर्षी पावसाळ्यात एकदा सकाळी उठून बघते तर पडवीच्या दाराची बाहेरची कडी कुणीतरी वाकवलेली. आत कुणी आलं नव्हतं, पण तेव्हापासून तिची झोप उडाली. म्हणून मी गणपतीला जाताना चार सेन्सर, एक हब आणि भोंगा घेऊन गेले. आता गणपतीत कुणाला वेळ असतो? विसर्जन झालं, दुपारची गाडी होती, त्याच्या आधी अर्ध्या तासात चारही सेन्सर डबल टेपने चिकटवले. अॅपमध्ये ‘बंद’, ‘बंद’, ‘बंद’, ‘बंद’ दिसलं. फोटो काढला आणि निघाले.

दोन आठवड्यांनी रात्री पावणेतीनला भोंगा वाजला. आई एकटी. तिने शेजारच्या नानांना फोन केला, ते काठी आणि बॅटरी घेऊन आले. चोरबिर कुणी नाही, सेन्सर दारापाशी जमिनीवर पडलेला. पुढच्या आठवड्यात परत तेच, या वेळी स्वयंपाकघराची खिडकी. तिसऱ्यांदा आईने हबची पिनच काढून ठेवली आणि मला सांगितलंही नाही. अॅपवर ‘ऑफलाइन’ असं येत होतं, पण मी नोटिफिकेशन म्यूट करून बसले होते. महिन्याभराने फोनवर सहज म्हणाली, “अगं, मला चोराची भीती नाही वाटत आता, तुझ्या त्या भोंग्याची वाटते.” म्हणजे महिनाभर घरावर काहीही लक्ष नव्हतं, आणि मी इकडे निवांत.

दिवाळीला गेले तेव्हा आईने पडलेले सेन्सर एका स्टीलच्या डब्यात जपून ठेवले होते. ते उलटे करून बघितले आणि डोक्यात प्रकाश पडला.

त्याआधी दोन मिनिटं आतली गंमत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. या सेन्सरचे दोन तुकडे असतात. लहान तुकड्यात नुसता लोहचुंबक. मोठ्यात बॅटरी आणि बहुतेक वेळा रीड स्विच, म्हणजे काचेची बारीक नळी आणि तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ असला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, लांब गेला की सुटतात. बस्स, एवढंच. हा स्विच १९३६ साली अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवुड यांनी शोधला. तुमच्या अॅपमध्ये कितीही चकाचक ग्राफ दिसू देत, मुळात प्रश्न एकच असतो: चुंबक जवळ आहे की नाही? सेन्सर सरकला, वाकडा झाला किंवा पडला, की त्याच्या दृष्टीने दार उघडलं.

तर, पाठ बघायची. पडवीच्या दारावरून पडलेल्या सेन्सरच्या टेपवर हिरव्या ऑइलपेंटचा पापुद्रा चिकटलेला होता. म्हणजे टेपने काम चोख केलं होतं! ती रंगाला धरून होती, रंगानेच लाकूड सोडलं. आमचं दार फणसाचं, त्यावर आजोबांच्या काळापासून रंगावर रंग चढवलेले. अशा ठिकाणी कितीही महागडी टेप आणा, उपयोग शून्य.

स्वयंपाकघराच्या अॅल्युमिनियमच्या खिडकीचा सेन्सर पडला, त्याची टेप मात्र कोरी करकरीत. तिकडे फ्रेमवर काही नाही, इकडे टेपवर काही नाही. याचा अर्थ टेप फ्रेमला कधी चिकटलीच नव्हती. ती चिकटली होती फोडणीच्या तेलकट थरावर आणि भाद्रपदातल्या ओलाव्यावर.

तिसराही प्रकार असतो. टेपचा फोम मधूनच फाटतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. म्हणजे सेन्सरला रोज काहीतरी धडकतंय. बैठकीच्या खिडकीचा तसा लोंबकळत होता, कारण मच्छरजाळीची झडप सरकवली की त्याला घासत होती. तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीत हे हमखास होतं. सेन्सर लावायच्या आधी सगळ्या झडपा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघा आणि मधे किती जागा उरते ते मोजा. मी मोजलं नव्हतं.

आता दुरुस्ती. लाकडी दार स्वतःचं असेल तर मी स्क्रूच म्हणेन. सेन्सरच्या मागची प्लेट सुटी होते, त्यात भोकं असतात. प्लेट दारावर धरून पेन्सिलीने खुणा करा, ३ मिलिमीटरचा स्क्रू असेल तर आधी २ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडा. ड्रिल किती आत जायला हवं तिथे बिटला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा, म्हणजे आरपार जाणार नाही. लाकूड फारच कडक असेल तर स्क्रू साबणाच्या वडीवर घासून घ्या. ही सुतारांची युक्ती, मला नानांनी सांगितली. आणि शेवटी जोर लावून आवळू नका. प्लास्टिकची प्लेट वाकली तर वरचा भाग नीट बसत नाही, आणि काही सेन्सरना पाठीमागे छेडछाड ओळखणारं बटण असतं, ते अर्धवट दाबलं गेलं की उगाच अलार्म.

भाड्याचं घर असेल, अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीची खिडकी असेल, नाहीतर ग्रॅनाइटची चौकट असेल, तर ड्रिल विसरा. तिथे टेपच, पण सवडीने. आधी तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढा, कोरडं करा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. हँड सॅनिटायझर वापरू नका हं! त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, ते मागे थर सोडतं. थेंबभर लावला की चिकटतो तो झटपट गोंदही नको. तो ठिसूळ असतो, दार आपटलं की तडकतो. फोमवाली अॅक्रिलिक टेप घ्या आणि अंगठ्याने नीट दाबून धरा. थ्रीएम कंपनी आपल्या व्हीएचबी टेपबद्दल सांगते की खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. मी काय केलं होतं? ओल्या हवेत चिकटवून पाच मिनिटांत दार चार वेळा आपटून ‘टेस्ट’ केलं होतं. या वेळी वसुबारसेला नुसत्या प्लेटा चिकटवल्या आणि वरचा भाग तीन दिवसांनी बसवला. काढायची वेळ आली तर हेअर ड्रायरने गरम करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा, रंग वाचतो. डिपॉझिटही वाचतं.

जागा कुठली, यात मी सगळ्यात मोठी चूक केली होती आणि ती कुणाच्या लक्षातही आली नसती. पुढच्या दाराचा सेन्सर दिसायला नको म्हणून बिजागरीच्या बाजूला लावला होता, बिजागरीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर. आता हिशोब करा. दार ९० सेंटिमीटर रुंद. सेन्सरपाशी २ सेंटिमीटर फट पडली की तो जागा होतो. पण तिथे २ पडेपर्यंत कडीच्या बाजूला १८ सेंटिमीटर फट पडलेली असते! अख्खा हात आत घालून साखळी काढता येईल आणि अॅप म्हणणार, ‘बंद’. खोटा भोंगा वाजला तर निदान कळतं तरी. हे कळलंच नसतं. म्हणून सेन्सर नेहमी उघडणाऱ्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात. मोठा तुकडा चौकटीवर, चुंबक दारावर, म्हणजे दार आपटल्याचे धक्के बॅटरीवाल्या भागाला कमी बसतात. दोन्हींवर खूण असते, त्या समोरासमोर आणा.

अंतर पुस्तिकेत १५-२० मिलिमीटर चालेल असं लिहिलेलं असलं तरी मी ५ च्या आसपास ठेवते. कारण कोकणातलं लाकडी दार पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आज जुळलेलं मे महिन्यात जुळेलच असं नाही. लोखंडी चौकट किंवा सेफ्टी डोअर असेल तर अजून एक भानगड: लोखंड चुंबकाची ताकद स्वतःकडे ओढून घेतं, मग ५ मिलिमीटरवरसुद्धा सेन्सर डळमळतो. तिथे दोन्ही तुकड्यांखाली प्लास्टिकची किंवा लाकडाची पाच-सहा मिलिमीटरची पट्टी द्या. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तिथे हा त्रास नसतो.

आणि स्लायडिंग खिडकीच्या बहुतेक वेळा दोन्ही झडपा सरकतात, हे विसरू नका. एकीलाच सेन्सर लावला तर दुसरी मोकाट. एक तर दोन लावा, नाहीतर एका झडपेला स्टॉपर मारून टाका. आम्ही स्टॉपर मारला, स्वस्त पडला.

सगळं झाल्यावर प्रत्येक दार-खिडकी दहा-दहा वेळा उघडून मिटली. एकदा हळू, एकदा आपटून. मी अॅप बघत होते, आई उघडत होती. पण हबची पिन परत लावायला ती तयार नव्हती. मग आमचं ठरलं: पंधरा दिवस भोंगा बंद, नोटिफिकेशन फक्त माझ्या फोनवर, आणि म्यूट नाही. त्या पंधरा दिवसांत रात्री एकदाही काही आलं नाही. पहाटे साडेपाचला पडवीचं दार उघडल्याचं मात्र रोज यायचं, आई फुलं काढायला जाते म्हणून. माझा तो अलार्मच झाला!

सोळाव्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला, बारा सेकंदांचा. मागे पावसाचा आवाज, नोव्हेंबरात. “ऐक, मी पिन लावलीय. तो भोंगा चालू कर आता. आणि आवाज जरा कमी ठेव, नाना म्हातारे झालेत.”

तुमच्याकडे पडलेला सेन्सर असेल तर त्याच्या पाठीचा फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू कशामुळे पडला ते. भेटूया!