निळा पडदा : कारणे व उपाय

शाळेतील जुना विंडोज लॅपटॉप काम चालू असता अकस्मात निळा पडदा दाखवून बंद पडतो. मूळ कार्यप्रणालीस सावरता न येणारी चूक आढळली, म्हणजे माहिती अधिक बिघडू नये म्हणून ती काम थांबविते. निळा पडदा हा रोग नव्हे, लक्षण होय.

प्रथम गुणपत्रके व हजेरीच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरून घ्याव्यात. डिस्क निकामी होत असल्यास पुढे ती संधी मिळेलच असे नाही. नंतर पडद्यावरील स्टॉप कोड, वेळ व त्या वेळचे काम वहीत टिपावे.

यंत्र तापल्यावरच बंद पडत असेल, तर ते बंद करून पंख्याच्या जाळीतील धूळ काढावी. नवे उपकरण वा ड्रायव्हर घातल्यापासून दोष उद्भवला असल्यास ते काढून पाहावे. दोषास काहीच नियम दिसत नसेल, तर ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ने रॅमची व ‘चेकडिस्क’ने डिस्कची तपासणी करावी.

एका वेळी एकच बदल करून काही दिवस वाट पाहावी. एरवी गुण कशाने आला हे कळत नाही. उपाय न चालल्यास ही टिपणवहीच दुरुस्ती करणाऱ्यास दाखवावी. तीवरून दोषाचा शोध पुष्कळ सुकर होतो.