सुगोई!

आठवीच्या वर्गात फळ्यावर उर्दू सुलेखन शिकवत होते. नूनचा गोलावा त्या दिवशी बरा उतरला असावा. मागच्या बाकावरून आवाज आला, "मिस, सुगोई!" सगळा वर्ग हसला. विचारल्यावर कळलं, शब्द जपानी कार्टूनमधला. "म्हणजे मस्त," तो म्हणाला.

अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. जुन्या जपानीत सुगोई ही स्तुती नव्हतीच. अंगावर काटा यावा असं भयाण, उदास काही दिसलं की हा शब्द यायचा. पुढे भीती मागे पडली आणि 'नेहमीपेक्षा फारच' एवढा अर्थ पुढे आला. आपल्याला यात नवल वाटू नये. अरबीत गजब म्हणजे क्रोध, कोप. उर्दूत आपण 'गजब की आवाज' म्हणतो, तेव्हा कोप कुणाला आठवतो? मराठीतही पदार्थ 'भयंकर आवडतो'च की!

सुगोई आजही फक्त चांगल्यासाठी नाही. 'सुगोई आमे' म्हणजे धो धो पाऊस, मग तो हवासा असो की नकोसा. 'सुगोकु ओइशी' म्हणजे फारच चविष्ट. मित्रांत नुसतं 'सुगोई' चालतं, रांगडी मुलं 'सुगे' म्हणतात. अदबीनं बोलायचं तर 'सुगोई देसु ने'.

पण खरी गंमत पुढे आहे. वडीलधाऱ्यांच्या किंवा शिक्षकांच्या कौशल्याची थेट तारीफ जपानी माणूस जपूनच करतो. 'तुम्ही छान शिकवलंत' म्हणणं म्हणजे धाकट्यानं थोरल्याला गुण देणं! त्याऐवजी विद्यार्थी म्हणतो, 'बेंक्यो नि नारिमाशिता', म्हणजे मला यातून शिकायला मिळालं.

हे सांगितल्यावर त्या मुलानं विचारलं, "मग मिस, तुम्ही आम्हाला काय म्हणता?" मी म्हटलं, शाबाश. मूळ फारसी 'शाद बाश', म्हणजे खूश राहा, एक दुआच. तो म्हणाला, "पण वहीत तर तुम्ही नुसती बरोबरची खूण करता."

आणि जपानी शाळेत तशी खूण बहुधा चुकीच्या उत्तरावर करतात! बरोबर उत्तराला गोल. फारच छान असेल तर लाल गोलाला पाकळ्या काढून फूल करतात, त्याला हानामारु म्हणतात. त्या संध्याकाळी बेचाळीस वह्या तपासायच्या होत्या. त्याच्या वहीत फूल काढलं, जरा वाकडंच आलं. खाली उर्दूत शाबाश लिहिलं.