घोड्यांची घराणी (७) : डॉक बारचा आजा

कटिंगच्या स्पर्धेत स्वाराला अडीच मिनिटे मिळतात. तेवढ्यात गुरांच्या कळपात शिरून एक जनावर वेगळे काढायचे आणि लगामाचा हात खाली सोडायचा. पुढचे काम घोड्याचे. कळपाकडे परत पळू पाहणाऱ्या त्या जनावरासमोर तो पुढचे अंग जमिनीलगत नेऊन उभा राहतो, ते वळेल तिकडे वळतो आणि त्याची वाट अडवून धरतो. ही उपजत जाण, जिला अमेरिकेत ‘काऊ सेन्स’ म्हणतात, टेक्सासच्या किंग पी-२३४ आणि त्याचा मुलगा पोको ब्यूनो यांच्या घराण्यात कशी मुरलेली होती, ते मागच्या लेखात पाहिले. मग या घोड्यांच्या वंशावळी उघडल्या की त्यांत थरोब्रेड, म्हणजे महालक्ष्मीला आणि पुण्याला धावतात त्या जातीचे घोडे, का भेटतात? मला वाटते, जाण टेक्सासच्या घराण्यांची असली, तरी ती अमलात आणणारे हलके आणि चपळ शरीर घडवण्यात शर्यतीच्या रक्ताचा मोठा वाटा आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा डॉक बार. १९५६ मध्ये जन्मलेल्या या क्वार्टर हॉर्सचा, म्हणजे किंग आणि पोको ब्यूनो यांच्याच जातीच्या घोड्याचा, बाप लाइटनिंग बार आणि आजा थ्री बार्स, १९४० सालचा अस्सल थरोब्रेड. डॉक बारला शर्यतीसाठीच जन्माला घातले होते, पण चार शर्यतींत मिळून त्याने कमावले ९५ डॉलर. पुढे नुसत्या अंगलोटावर गुण देणाऱ्या प्रदर्शनांत मात्र तो चमकला. मग कॅलिफोर्नियातल्या पायसिनेस इथल्या एका कुटुंबाने त्याला घेतले आणि पोको ब्यूनोच्या वंशातल्या घोड्या त्याला दाखवल्या. पोको लीना ही पोको ब्यूनोची मुलगी, कटिंगमधली नावाजलेली घोडी. तिला दोनच शिंगरे झाली, दोन्ही डॉक बारची. त्यांतल्या डॉक ओलीनाने १९७० ची आणि ड्राय डॉकने १९७१ ची फ्यूचुरिटी जिंकली. तीन वर्षांच्या घोड्यांची ही स्पर्धा या क्षेत्रात सर्वांत मानाची. पुढे डॉक ओलीनाचा मुलगा स्मार्ट लिटल लीना याने १९८२ मध्ये तीच जिंकली.

यावर पहिला आक्षेप असा, की जो घोडा धावण्यातच कमी पडला त्याने शर्यतीचा कोणता गुण पुढे दिला? आक्षेप रास्त आहे, पण त्यात शर्यतीचे रक्त म्हणजे निव्वळ वेग असे धरलेले आहे. कटिंगमध्ये सरळ धाव दोन-चार ढांगांपलीकडे जातच नाही. तिथे लागतो तो क्षणात उसळून तितक्याच झटक्यात थांबण्याचा आवाका, आणि डॉक बारला प्रदर्शनांत गुण मिळत होते ते बांध्यालाच. दुसरा आक्षेप असा, की हे सारे श्रेय पोको लीनाचे आहे. निम्मे तिचे आहेच, कदाचित अधिकही. पण पोको टीव्हियो या पोको ब्यूनोच्या मुलाच्या लेकींपासूनही डॉक बारला कटिंगमध्ये नाव काढणारी संतती झाली. एका थोर आईवर सगळे ढकलून हा हिशेब मिटत नाही.

तिसरा आक्षेप गणिताचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. हाय ब्राऊ कॅट हा १९८८ सालचा घोडा गेल्या काही दशकांतला कटिंगचा सर्वांत प्रभावी बाप. त्याच्या बापाच्या बाजूने डॉक बार तिसऱ्या पिढीत येतो, आईच्या बाजूने तिसऱ्या आणि चौथ्या. म्हणजे कागदावर थ्री बार्सचा वाटा चौसष्टात पाच, शेकडा आठाहूनही कमी. एवढ्याशा रक्ताने काय होणार? पण कागदावरचा वाटा ही फक्त सरासरी आहे. गुणसूत्रे मोठमोठ्या तुकड्यांनी पुढे जातात, आणि पैदास करणारा दर पिढीत ठरावीक बांध्याची शिंगरे राखत गेला, की त्या बांध्याशी निगडित तुकडे सरासरीपेक्षा जास्त टिकू शकतात. शिवाय थ्री बार्स एकटा नाही. स्मार्ट लिटल लीनाची आई स्मार्ट पेपी. तिचा बाप पेपी सॅन, त्याचा लिओ सॅन, त्याचा लिओ, आणि लिओच्या मागे तीन पिढ्यांवर पुन्हा एक थरोब्रेड, जो ब्लेअर. ज्यांना आपण खास गुराख्यांची घराणी समजतो, त्यांच्याही मुळाशी शर्यतीचा घोडा उभा आहे.

क्वार्टर हॉर्सच्या स्टड बुकाचे, म्हणजे जातीच्या नोंदवहीचे, दार थरोब्रेडना आजही बंद नाही. थरोब्रेड आणि क्वार्टर हॉर्स यांच्या शिंगराची ‘अपेंडिक्स’ म्हणून वेगळी नोंद होते. त्या दाराचा उपयोग मुख्यतः शर्यतवाले करतात. कटिंगवाल्यांना थ्री बार्सचे रक्त हवे असले, तर ते डॉक बारच्या नातवंडा-पतवंडांकडे जातात, कारण तिथे ते पोको ब्यूनोच्या रक्तात आधीच मिसळलेले मिळते.