जुनी सिगारेट सुटते कशी?

वीस-पंचवीस वर्षांची सिगारेट सोडताना पहिले ३ दिवस सर्वांत जड जातात. निकोटिन बंद झाल्याने चिडचिड होते, झोप उडते. हा त्रास बहुधा २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. अशा वेळी निकोटिनचा गम खरा आधार देतो, पण तो सतत चघळायचा नसतो. सावकाश चावावा आणि तोंडात चुरचुरू लागला की गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा. चहा-कॉफीबरोबर तो नीट शोषला जात नाही, आणि नेमकी टपरीवरच्या चहालाच तलफ येते. म्हणून चहा आधी उरकावा, गम पंधरा मिनिटांनी घ्यावा. सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. साठीनंतर सोडली तरी फायदा होतोच.