लावणी शिकवताना

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी लावणी सादर केली. बक्षीस मिळाले. ते घेऊन घरी गेले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “शिकायला पाठवलं होतं, तमाशात नाचायला नाही.” आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यांना काय उत्तर द्यावे, सुचेना. कारण मला पावले शिकवली गेली होती. लावणी कोणाची, हे कोणी सांगितले नव्हते.

मग ग्रंथालयात बसून वाचले. तमाशाची कला मुख्यत्वे महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी जोपासली. पठ्ठे बापूरावांचे नाव आपण ऐकतो. त्यांच्या फडात गाजलेल्या पवळा हिवरगावकरचे क्वचितच. लावणी म्हणजे नुसता ठुमका नव्हे. बैठकीच्या लावणीत कलावती बसून गाते आणि एकाच ओळीचे निरनिराळे भाव चेहऱ्याने व हातांनी उलगडते. यालाच अदा म्हणतात. कोल्हाटी समाजातील यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

म्हणजे मी नाचले तर बक्षीस, आणि जिच्या घरची ही कला, तिला मात्र नावे ठेवायची! भरतनाट्यमचेही थोडेफार असेच झाले. त्याचे जुने रूप ‘सदिर’ देवदासी घराण्यांनी टिकवले. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासला ‘कलाक्षेत्र’ स्थापन केले. प्रतिष्ठित घरांतील मुली नृत्य शिकू लागल्या. नृत्याला मान मिळाला. परंतु मूळ घराण्यांतील बालसरस्वतींसारख्या थोड्याच स्त्रिया रंगमंचावर उरल्या.

तेव्हा नृत्याच्या वर्गात न्याय आणायचा तो कसा? मला तीन गोष्टी सुचतात. पहिले पाऊल शिकवण्यापूर्वी त्या कलेचा आणि कलावतींचा इतिहास सांगावा. परंपरेतील कलावतींना केवळ सत्कारापुरते न बोलावता, योग्य मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावे. आणि साज महाविद्यालयानेच ठेवावा. माझी नऊवारी आणि घुंगरू दोन्ही उसने होते. ज्यांना उसने मिळत नाही, त्या मुली नाव देतच नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना यमुनाबाईंविषयी सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाईच्या का त्या?” एवढेच. पण या वेळी माझ्याजवळ सांगण्यासारखे होते.

— द्वितीय वर्ष, कला