भंडारदऱ्याच्या पाणंदी आणि जाड चाकाची सायकल

भाताची सुगी आटोपत आली की भंडारदरा जलाशयाच्या काठाने अलीकडे एक वेगळीच सायकल फिरताना दिसते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं, मेंढ्याच्या शिंगागत खाली वळलेलं. चाकं मात्र जाड आणि खाचेची. चौकटीला बांधलेल्या दोन-तीन लांबट पिशव्या. शहरातली ही मंडळी धड डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडी-मुरमाच्या वाटेला लागतात. "चांगला रस्ता टाकून हे ढेकळात कशाला शिरतात?" असं वाड्यावस्त्यांवर हमखास विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरात आपल्या गावाच्या चार पैशांचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीचा टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात हवा दगडासारखी घट्ट भरावी लागते. ग्रॅव्हल बाइकचा टायर ४० मिलिमीटरच्या आसपास आणि हवा तीस-चाळीस पॉइंट. त्यामुळे चाक खड्याला दबतं, उसळत नाही. चढासाठी हलके गिअर आणि ओल्यातही धरणारे डिस्क ब्रेक, एवढाच काय तो फरक. या प्रकाराला नाव मिळालं ते अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात. तिथल्या एम्पोरिया या गावाभोवती गुरं चारायच्या टेकड्या आहेत, त्यातल्या कच्च्या रस्त्यांवर २००६ साली २०० मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. म्हणजे मूळ जागा गुराख्यांच्या वाटाच!

आणि गंमत बघा, आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस बाय दीडचा टायर मोजलात तर तोही चाळीस मिलिमीटरच्या घरातच भरतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी भाताचं पोतं लादून ज्या वाटा तुडवल्या, त्याच वाटांवर आता लाख-दीड लाखाची सायकल घेऊन माणसं हौसेने येतात.

आपल्या अकोले तालुक्यातला फेरा यासाठी फार चांगला आहे. शेंडीहून निघावं. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, साठा सुमारे ११ टीएमसी. हे पाणी खाली प्रवरेच्या कालव्यांनी उसाला जातं, काठच्या वाड्यांना मात्र पावसाच्या भात, नागली, वरईवरच भागवावं लागतं, हे विसरून चालणार नाही. शेंडीतून मुरशेत, पांजरे, उडदावणे करीत घाटघर. उजव्या अंगाला कळसूबाईची रांग, शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. घाटघरचा पाऊस इतका की त्याला जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. तिथे कोकणकडा पाहून साम्रदला वळायचं, सांदण दरी तिथेच. पुढे रतनवाडी, अमृतेश्वराचं जुनं देऊळ आणि वर रतनगड, प्रवरेचा उगम याच डोंगरात. मग कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा वेढा होतो. मुख्य रस्ता बराचसा डांबरी, पावसाने ठिकठिकाणी उखडणारा. खरी मजा त्याला फुटणाऱ्या वाडीच्या वाटांची. तिथेच आपलं घोडं अडतं, कारण कितीतरी वाटा कागदावर आहेत, जमिनीवर नाहीत.

कागदावरची वाट

गावनकाशा काढून बघा. तुटक दुबार रेषेने दाखवलेला तो ग्रामीण गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. आता त्या जागेवर जा आणि पावलं टाकून मोजा. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने सरकत आलेले असतात, आणि गाडीमार्गाचा शेळीमार्ग झालेला असतो. भावकीत बोलणार कोण? बोललं की भांडण. पण त्यात नुकसान सगळ्यांचंच. भाताचे भारे डोक्यावरून आणावे लागतात, मळणीयंत्र शेतापर्यंत जात नाही, बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं. सायकलवाला आला काय न आला काय, ही पाणंद आधी आपल्यालाच हवी आहे.

आपसात मिटलं तर उत्तम, नाहीतर वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद करण्याचे आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचे निर्देश दिले आहेत. तलाठी भाऊसाहेब, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे ही नोंद जरूर मागावी. खुली झालेली वाट पक्की करायला २०२१ पासूनची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे, रोजगार हमीची कामं तीत बसतात.

काम करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे रस्ता खडीअभावी मरत नाही, पाण्याने मरतो. आधी दोन्ही बाजूंना चर, ओहोळावर पाइपाची मोरी, मग मुरूम. मध्ये उंच, कडेला उतार ठेवून पाणी मारून रोलर फिरवलेला मुरूम टिकतो. नुसता टिपर ओतून फोटो काढलेला मुरूम पहिल्या पावसात खाचरात जातो, आणि ज्याच्या खाचरात जातो तो पुढल्या वर्षी वाट अडवतो.

परवा एका बैठकीत एकाने विचारलं, "साहेब, म्हणजे शहरवाल्यांच्या हौसेसाठी आम्ही कच्च्या रस्त्यावरच राहायचं का?" मुळीच नाही. गावाला जोडणारा रस्ता डांबरीच हवा, एसटी आणि रुग्णवाहिका वेळेत आली पाहिजे. मात्र खाचरात जाणाऱ्या पाणंदीला डांबर किंवा काँक्रीट कशाला? तिथे चांगला मुरूम बैलाच्या खुरालाही बरा आणि खिशालाही.

पैसा कसा राहील?

मे-जूनमध्ये काजवे बघायला मोटारींची जी रांग लागते ती सर्वांनी पाहिली आहे. उजेड, हॉर्न, प्लास्टिक. वनखात्याला अलीकडे वेळेचे निर्बंध घालावे लागतात. मोटारवाला येताना बरंचसं खाणं बरोबर आणतो आणि मागे कचरा ठेवतो. सायकलवाल्याला ओझं परवडत नाही. तो दर दोन तासांनी खातो, पाणी मागतो, अंधाराआधी मुक्कामाला थांबतो. नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, गरम भात आणि गूळ, याहून त्याला काही नको. बचतगटाच्या भगिनींनी एका घरी चूल पेटती ठेवली आणि दराचा फलक लावला तरी पुरे. रेंज बेभरवशाची, तेव्हा सुट्टे पैसे हाताशी ठेवा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, ते गावरान वाणाचं धान्य इथे ताटात आणि पिशवीत दोन्हीकडे विकता येईल. मुक्कामाची सोय वाढवायची असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, किमान एक एकर शेती हवी.

आता जंगलाचं. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. बिबट्या आहे, शेकरू आहे. गावरस्ता सोडून जंगलवाटेने जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, रात्री तर नाहीच. पाहुण्याला हौसेने आडवाटेला नेणाऱ्या पोरांना हे आधी समजावून ठेवा. आपली गावं अनुसूचित क्षेत्रातली, त्यामुळे पेसाच्या ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. कोणती वाट खुली, कोणती बंद, हे गावाने ठरवून फलकावर लिहावं. भरपावसात वाटा बंदच बऱ्या, ओल्या मातीत चाकाची चारी पडते आणि तिचाच पुढे ओहोळ होतो. कापणी-झोडणीच्या दिवसांत पाणंदीत भारे आणि खळी असतात, तेव्हा सायकल हातात धरून चालावं. आणि बांधावर चाक चढवायचं नाही, बाराही महिने.

शेवटी सायकल दुरुस्तीवाल्या मित्रांसाठी. या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक असतो, आपला पंप त्याला बसत नाही. पितळी टोपीसारखा एक छोटा अॅडॉप्टर शहरात सायकलीच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतो. दोन-चार आणून खिळ्याला टांगून ठेवा.